इरीदेचे चौदा कान

आमच्या कारखान्यात पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या सेन्सरला सगळे ‘कान’ म्हणायचे. कागदोपत्री त्याचं नाव हायड्रोफोन. पण कागदोपत्री इरीदेही ‘द्वितीय श्रेणी महिला कामगार’च होती, तेव्हा कागदाचं फार मनावर घेऊ नये. हे कान इरीदे ओतायची. १९५८ पासून पुढची एकवीस वर्षं आमच्याकडून जे काही कान बाहेर पडले, कोणी पाणबुड्या शोधायला नेले, कोणी मासळीचे थवे, कोणी समुद्राचा तळ मोजायला, ते बहुतेक तिच्या हातचे. तिच्याबद्दल लिहायला आमच्या या इटलीतल्या बंदरात, ला स्पेत्सियात, माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नाही. तरी लिहितो.

इरीदे फाज्जोनी मूळची आखाताच्या पलीकडच्या काठावरची, फेत्सानोची. बाप आरमाराच्या गोदीत पाणबुड्या होता. पितळी टोप डोक्यावर चढवून दिवसभर जहाजांची बुडं खरवडायचा. युद्धात घरावर बॉम्ब पडला, शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी ती एका मिठाईवाल्याकडे कामाला लागली. तिथे ईस्टरची चॉकलेटची अंडी साच्यात ओतायची. एका वर्षी आमचे संचालक गोदानीसाहेब मुलांसाठी असं अंडं घेऊन गेले. फोडून बघतात तर आतून बाहेरून गुळगुळीत, औषधालाही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात हजर. “हे कोणी ओतलं?” मिठाईवाल्याला वाटलं तक्रार आहे, त्याने लगेच इरीदेकडे बोट दाखवलं. पुढे ती नेहमी सांगायची, “लोक वशिल्याने नोकरीला लागतात. मी चुगलीने लागले.”

काम दिसायला सोपं होतं. अंगठीपेक्षा जरा मोठी अशी सिरॅमिकची कडी घ्यायची, तिला दोन तारा डकवायच्या, साच्यात बसवायची आणि वरून रेझिन ओतून भट्टीत घट्ट करायचं. पाणी आवाजाने थरथरलं की कडी वीज देते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण त्या रेझिनमध्ये मोहरीएवढी जरी हवा राहिली तरी आवाज तिथेच अडतो आणि कान बहिरा होतो. म्हणून इरीदेचं सगळं वैर हवेशी. रेझिन ती काचेच्या झाकणाखाली ठेवून पंप लावायची. हवा निघायला लागली की ते फसफसून वर यायचं, आणि दूध उतू जाताना बाई उभी राहते तशी ती कॉकवर हात ठेवून उभी राहायची. मग साच्याच्या कडेने दोऱ्याएवढी धार. ओततानाचा श्वाससुद्धा ती मोजून घ्यायची. तेवढा वेळ दाराला आतून कडी. एकदा खुद्द गोदानीसाहेबांनी दार ठोठावलं तर आतून आवाज आला, “साहेब असाल ते बाहेर!”

तिचा आणखी एक नियम होता. भट्टीतून निघालेला कान कोरडा तसाच पाण्यात सोडायचा नाही. आधी भांड्यांच्या साबणाने, हाताने चोळून धुवायचा, मग रात्रभर मोजणीच्या हौदात पडू द्यायचा, आणि सकाळी मोजायचा. कोरड्या रेझिनला हवेचे बारीक कण चिकटून राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्यामुळे चांगला कान कमी ऐकतो. याला कारखान्यात ‘आंघोळ’ म्हणायचे. मोजणीवाला रोज सकाळी विचारणार, “न्हाले का?” आणि इरीदे आतून सांगणार, “न्हाले, निजले, आता उठवा.”

तो मोजणीवाला म्हणजे १९७८ पासून मी. एल्व्हियो स्तुर्लेसे, सारझानाचा, पीसाहून शिकून आलेला, वय सव्वीस, नोकरी अजून कच्ची. कान हौदात सोडायचा, शेजारी एक खात्रीचा कान सोडायचा, दोघांना एकच सूर ऐकवायचा आणि कोण किती ऐकतो ते ताडून बघायचं, हे माझं काम. मला माझ्या शिक्षणाचा फार दिमाख होता. रोज सकाळी एका बाईला ‘न्हाले का’ विचारायची मला शरम वाटायची. माझ्या चारशे पानांच्या पुस्तकात भांड्यांचा साबण कुठेच नव्हता. म्हणजे होता, पण तळटिपेत. तळटिपा मी वाचत नव्हतो, त्यामुळे तो तिथे आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

१९७९ च्या जानेवारीत जेनोव्हाच्या एका संशोधन जहाजासाठी चौदा कान ओतायचे होते. बुधवारी सकाळी इरीदेने ते भट्टीतून काढून फडक्यावर मांडले. त्याच दिवशी तिच्या सासऱ्यांची अंत्ययात्रा होती. निघताना ती माझ्या टेबलाशी आली. तिच्यामागे कारखान्यातल्या चार-पाच बायका उभ्या होत्या.

“इंजिनिअर, तुझे स्वतःचे कान उघडे आहेत ना? हे गार झाले की न्हाऊ घाल. हाताने. ब्रश लावलास तर बघ. मग हौदात सोड आणि सकाळपर्यंत त्यांच्याकडे फिरकू नकोस. कळलं?”

“कळलं, सिन्योरा इरीदे.”

“काय कळलं?”

“आंघोळ घालायची.”

“शाब्बास! पीसाला एवढं तरी शिकवतात म्हणायचं.”

सगळ्या बायका खो खो हसल्या. इरीदेही हसली, त्यात आकस नव्हता, जाता जाता तिने माझ्या खांद्यावर थापही मारली. पण मला ते हसू झोंबलं. धुणीभांडी करायला मी पीसाला गेलो नव्हतो, असं मी मनाशी म्हटलं. पाच वाजता भोंगा झाला. चौदा कान फडक्यावर तसेच होते. दिवा बंद करून मी घरी गेलो.

गुरुवारी सातला जेनोव्हाचे दोघे येऊन थडकले, ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी. गोदानीसाहेब म्हणाले, “चला, सुरू करा.” मी कोरडे कान एकामागून एक हौदात सोडले. पहिला कमी ऐकत होता, दुसरा त्याहून कमी, तिसरा खालच्या सुरांना ठीक तर वरच्या सुरांना ठार. कोणत्याही दोघांचा मेळ नाही. मिशीवाला पाहुणा कागदावर वाकून म्हणाला, “आत हवा आहे.” आणि साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “ओतताना राहिली असेल.”

आठ वाजता इरीदे आली, अंगावर सुतकाचे काळे कपडे. तिने कागद हातात घेतला, सगळे आकडे नीट बघितले, आणि मला एवढंच विचारलं, “न्हाले होते ना?”

“हो,” मी म्हणालो.

बस, एवढंच. तेव्हा ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? साहेबांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, पाहुणे आणखी एक दिवस थांबले असते, आणि बायका महिनाभर हसल्या असत्या. एवढ्याला मी भ्यालो. इरीदेने माझ्या ‘हो’वर विश्वास ठेवला. आंघोळ झाली आहे, म्हणजे हवा आतच असणार, म्हणजे चूक आपल्याच हाताची, असा सरळ हिशेब तिने तिथल्या तिथे केला. तिने स्वतःचे हात वर धरून उजेडात बघितले. ते मी बघितलं आणि मान वळवली.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर नाक कापलं गेलं होतं. “इरीदे, एकवीस वर्षं तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण वय काय कोणाला सुटलंय? आता नीवेस ओतेल. तू तिला दाखव आणि केबलच्या खोलीत जा.” इरीदे तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. नीवेस, तिच्या हाताखालची मुलगी, रडायला लागली. इरीदेच तिला म्हणाली, “रडतेस काय? डोळ्यातलं पाणी रेझिनमध्ये पडेल.”

त्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना मी एक कान करवतीने उभा कापला. आतली हवा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. बघितली असती तर सुटलो असतो. आत काही नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत घट्ट, स्वच्छ, तिच्या चॉकलेटच्या अंड्यासारखं. मग उरलेले तेरा मी बाही वर करून साबणाने धुतले आणि हौदात सोडले. सोमवारी मोजले. तेराच्या तेरा बरोबर, एका आईच्या लेकरांसारखे.

माझ्या नोकरीचं पक्कं पत्र बुधवारी यायचं होतं. सोमवारी मी गप्प बसलो, मंगळवारी गप्प बसलो. बुधवारी पत्र आलं, आणि त्यानंतर बोलणं आणखी अवघड झालं.

पुढचं याहून घाण आहे. नीवेसने नवे चौदा ओतले, त्यात सहा खरोखरच फसले. मुदत डोक्यावर आली होती. मी इरीदेच्या तेरांमधले सहा घेतले, त्यांच्या केबलवरचे नंबरांचे बिल्ले बदलले आणि नीवेसचे म्हणून पाठवून दिले. जहाज निघालं. तीन महिन्यांनी जेनोव्हाहून पत्र आलं की कान अप्रतिम आहेत, आणि सोबत वाइनची पेटी, ‘नव्या बाईंसाठी’. नीवेसने ती सगळ्यांत वाटली. इरीदेनेही पेला उचलला, म्हणाली, “पोरीने नाव काढलं.” उरलेले सात मी एका रविवारी, लोक प्रार्थनेला गेलेले असताना, जुन्या धक्क्यावरून आखातात फेकून दिले.

इरीदे अकरा वर्षं केबल गुंडाळत राहिली. तक्रार नाही, कुरकुर नाही. बदललं एवढंच की ती मला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणायला लागली, अहो-जाहो करायला लागली. आपण साहेबाचं काम बिघडवलं, आता सलगी शोभत नाही, असं तिला वाटत असावं. रोज सकाळी ती जिन्यात भेटायची आणि बाजूला होऊन मला वाट द्यायची. मी मोजणी विभागाचा प्रमुख झालो. त्या गुरुवारपासून एकही कान मी कोरडा मोजला नाही. नव्या पोरांना साबण हातात देऊन आंघोळ घालायला लावायचो. ती पोरं त्याला ‘स्तुर्लेसेचा नियम’ म्हणायला लागली. हे मी एकदाही दुरुस्त केलं नाही. इरीदेच्या कानावर ते गेलं असणारच.

कारखाना बंद पडला आणि ती निवृत्त झाली, त्याच वर्षीची गोष्ट. तिचा नवरा ओत्ताव्हियो आखातात शिंपल्यांची शेती करायचा. बाजारात त्याच्या टोपलीशी मी उभा होतो. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “भरलेल्या शिंपल्या करत असतील सिन्योरा. आता वेळच वेळ.”

“कुठल्या करते!” तो म्हणाला. “सारण भरून दोरा बांधायचा असतो ना, तिथेच अडतं. ‘माझ्या हाताचा भरवसा नाही’ म्हणते. बारा वर्षं होत आली, घरात बांधलेली शिंपली दिसली नाही. मीच बांधतो आणि शिव्या खातो. तीन डॉक्टर झाले. पीसाच्या मोठ्या डॉक्टरने हात बघितले, डोळे बघितले, म्हणाला, बाई, तुम्ही घड्याळं दुरुस्त करू शकाल. हिला पटेल तर शपथ. म्हणते, ‘मशीन खोटं बोलत नाही, इंजिनिअरांनी मोजलं होतं.’ बरं, किती देऊ? दोन किलो?”

मी दोन किलो घेतल्या. घरी बायकोने विचारलं, चेहरा का उतरलाय, तर म्हटलं वाऱ्याने. हे ऐकल्यावर तरी मी त्याच दिवशी धावत जायला हवं होतं. मी पाच महिने घेतले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फेत्सानोला गेलो. इरीदे स्वयंपाकघरात चणे निवडत होती. तिने मला बघून एप्रन काढला, खुर्ची पुसली. “या, इंजिनिअरसाहेब. कॉफी टाकते.”

“टाकू नका,” मी म्हणालो, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फडक्यावर राहिलेले कान, ‘हो’, करवत, सोमवार, बिल्ले, धक्का.

तिने चणे बाजूला सारले. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे पसरून, आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, “माझ्या आईचे हात म्हातारपणी कापायचे. मला वाटलं, मला लवकर आलं.”

“मला माफ करा, सिन्योरा.”

“नातीला मी घेतलं नाही.” ती माझ्याशी बोलतच नव्हती. “जन्मली तेव्हा. सून म्हणाली, घ्या ना. मी म्हटलं नको, हातातून पडेल.”

मी रडलो असं लिहिणार नाही, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. ती उठली, खिडकी उघडली, परत बसली. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

“हे अजून कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“बायकोला?”

“नाही.”

“मग मला एकटीला सांगून काय करू मी? लोणचं घालू? साहेबांनी मला काढलं ते सगळ्यांसमोर काढलं. शुक्रवार होता, बावीस माणसं होती, मी मोजली होती. सान जुझेप्पेच्या दिवशी सगळे जुने लोक जेवायला जमतात. तिथे ये.”

“येतो.”

“आणि आता जा. चणे राहिलेत माझे.”

एकोणीस मार्चला, सान जुझेप्पेला, तुफान गर्दी असते. शहरात जत्रा, वडिलांचा सण, खानावळीत पाय ठेवायला जागा नाही. आमचं लांब टेबल भिंतीकडे होतं, सोळा माणसं. गोदानीसाहेब मधोमध, आता ऐंशीला टेकलेले. इरीदे पलीकडच्या टोकाला, तिच्याशेजारी नीवेस. सुक्या माशाचा रस्सा येईपर्यंत मी थांबलो, त्यानंतर आणखी थांबलो. इरीदे माझ्याकडे बघत नव्हती, शांतपणे जेवत होती. आज मी बोललो नाही तर तीही बोलणार नाही, हे मला तिच्या जेवण्यावरून कळत होतं. मी तसाच घरी जाऊ शकलो असतो. मी खरंच दाराकडे बघितलं, हेही लिहून टाकतो.

मग उभा राहिलो. “एकोणऐंशीचे ते चौदा कान,” मी म्हणालो, “त्यात हवा नव्हती. मी आंघोळ घातली नव्हती. विचारलं तेव्हा खोटं बोललो. नीवेसचे म्हणून जे गेले त्यातले सहा इरीदेचे होते.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी गाणं म्हणत होतं. गोदानीसाहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, हात हलवला आणि म्हणाले, “अरे, बारा वर्षांची गोष्ट! कारखानाही राहिला नाही. बस खाली. कोणी वाइन ओता रे याला.”

दोघेतिघे सुटल्यासारखे हसले. एकाने बाटली उचलली.

“थांबा,” इरीदे म्हणाली. तिने काटा खाली ठेवला. “साहेब, तुम्ही गप्प बसा.” आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांना दाराआडून न ओरडता, समोरासमोर असं बोलली. मग मला म्हणाली, “पुन्हा सांग. जोरात. नीवेसला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

मी पुन्हा सांगितलं. यावेळी शेजारचं गाणं थांबलं. नीवेस पुढे वाकून म्हणाली, “ती वाइन... माझ्या नावाने आलेली?”

“तिची होती,” मी म्हणालो.

“काय?”

“तिची! इरीदेची होती!”

खानावळीतली सगळी डोकी आमच्याकडे वळली होती. एक बाप मांडीवरच्या मुलाला गप्प करत होता, म्हणजे आमचं ऐकू यावं म्हणून. इरीदे ताठ बसली होती, गाल लाल झालेले. तिने हात टेबलाखाली लपवले नव्हते.

“आता शेवटचं,” ती म्हणाली. “माझ्या कानांत हवा किती होती?”

“अजिबात नव्हती.”

तिने नीवेसकडे बघितलं. नीवेसने मान हलवली, तिला ऐकू गेलं होतं. इरीदे पुन्हा माझ्याकडे वळली.

“तिला आलं,” ती म्हणाली. “आता दारात तो वेटर उभा आहे, त्याला ऐकू जाईल असं सांग.”

मी वेटरकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं.